दोन आकड्यांचा थांबा

लोणावळ्याच्या बाजारात एका चिक्कीच्या दुकानाच्या दारात लाकडी बाई बसवलेली आहे. हिरवं नऊवारी, ठसठशीत कुंकू, पुढ्यात खोटी कढई आणि हातात खरं उलथनं. दिवसभर ती कढईत उलथनं फिरवते आणि प्रत्येक फेरीत एकदा, हात पोटाजवळ आला की, क्षणभर थांबते. एक, दोन, एवढं मोजेपर्यंत. मग पुढे. हा थांबा मी घातलेला आहे, चौदा वर्षांची असताना. त्यामुळे सोमवारी सकाळी साडेदहाला तिच्यासमोरून जाताना तिचा हात थांबलेला दिसला, तेव्हा मी पाय न थांबवता मनात मोजायला लागले. एक, दोन. मग तीन. मग चार. सातावर माझे पाय थांबले. मागून येणाऱ्या एका बाईनं छत्रीची तार माझ्या खांद्यात खुपसली आणि वर मलाच 'बघून चाला' म्हणाली. मी हललेच नाही. नऊ, दहा. माझ्या बॅगेत प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये एक अर्ज होता: शाखा बदलून मिळण्याबाबत, कॉम्प्युटरमधून मेकॅनिकल, द्वितीय वर्षापासून. आज शेवटची तारीख, पाच वाजेपर्यंत. आणि या बयेला आजचाच दिवस सापडला होता.

दुकानदार प्रदीपशेठ मला ओळखतात. म्हणजे या बाईकडे रोज बघत जाणारी कॉलेजची पोरगी म्हणून ओळखतात. ती मी बनवली आहे हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं, तेव्हा ते मोठ्यानं हसले होते आणि मला शेंगदाण्याचा एक तुकडा खायला दिला होता. "शनिवारपासनं अशीच बसलीय बघ," ते आतूनच म्हणाले. "मोटर गुरगुरते, हात काय हलत नाही. इथली हवा दमट, दुसरं काय असणार." मी म्हटलं, "मागची फळी काढून द्या, लाकूड फुगलं असेल, पाच मिनिटांत घासून देते." "आत्ता? ही गुजरातची गाडी आलीय समोर, दिसत नाही का? संध्याकाळी ये, चहा पाजतो." मला ते बरंच वाटलं, खरं सांगते. येताना करू, असं म्हणताना मला वाटलं की येताना मी मेकॅनिकलची असेन. असल्या गोष्टी मी मनात फार करते. एखाद्या खांबापर्यंत श्वास धरून पोचले तर अमुक होईल, लाल दिव्याच्या आत रस्ता ओलांडला तर तमुक. एकोणीस वर्षांची घोडी झाले तरी जात नाही ही खोड.

ही बाई मुळात कढईपुढची नव्हेच. ती जात्यावर दळायची. आमच्या परंदवडीत मंडळाचा गणपती असायचा आणि त्याच्यापुढे हलता देखावा. देखावा करायचे सखारामआबा. देहूरोडच्या डेपोत बत्तीस वर्षं फिटर म्हणून राबलेले आणि निवृत्तीनंतर घरात कुणाशी पटत नाही म्हणून गोठ्यात बसून कानशी घासणारे. ट्रकच्या भंगारातली वायपरची मोटर, सायकलची साखळी, प्लायवूडच्या चकत्या. त्या चकत्या पूर्ण गोल नसायच्या, एका अंगाला फुगीर असायच्या, आबा त्यांना अंडं म्हणायचे. अंडं फिरलं की त्याला टेकलेली दांडी मागे-पुढे व्हायची आणि दांडीला बांधलेला हात हलायचा. मी नववीत होते आणि चित्रकलेच्या दोन्ही परीक्षांत मला ए ग्रेड होती, म्हणून बाईचा चेहरा रंगवायला मला बोलावलं होतं. चेहरा एका दुपारीत झाला. मग मी तिथेच बसून राहिले, गणपती बसेपर्यंत. हात फिरत होता, पण ती बाई दळत नव्हती, नुसतं यंत्र फिरत होतं. काय चुकतंय ते मला कळेना. मग शेजारच्या शकुबाईंना मिरच्या कांडताना मी बघत बसले आणि ध्यानात आलं की बाई काम करताना मधेच थांबते. दमली म्हणून नव्हे. उगीच. हात जिथल्या तिथे, नजर कुठेतरी, आणि मग पुन्हा सुरू. मी गोठ्यात आले आणि अंड्याची एक बाजू कानशीनं अशी घासली की दांडी तिथं आली की जराशी जागच्या जागी राहावी. पहिलं अंडं वाया गेलं, दुसरंही. तिसऱ्यावर बाई थांबली. आबा बिडी पेटवत होते, त्यांनी काडी तशीच विझू दिली. "आरं तिच्या," ते म्हणाले, "ही तर जित्ती झाली की गं." त्या दहा दिवसांत लोक देखाव्यापुढून हलत नव्हते. लाल किल्ला आणि समुद्रमंथन केलेल्या मंडळांचे कार्यकर्ते येऊन आमच्या एका दळणाऱ्या बाईकडे बघत उभे राहत. मी गर्दीत मागे उभी राहून लोकांच्या तोंडाकडे बघायची. ती थांबली की तेही थांबत. तो आनंद मला पुन्हा कधी झाला नाही, आणि इतक्या लहान वयात झाला हे वाईटच झालं. दोन वर्षांनी मंडळानं एलईडीचा पडदा आणला, देखावा बंद झाला, आणि आबांनी बाई लोणावळ्याला विकून टाकली. जात्याच्या जागी कढई आली. थांबा तेवढा राहिला.

कॉलेज गावाबाहेर चढावर आहे. शेअर रिक्षात माझ्या बाजूला कुणीतरी मक्याच्या कणसांचं पोतं ठेवलं होतं आणि ते दर वळणावर माझ्या अंगावर येत होतं. मी फोल्डर छातीशी धरला. अर्जावर वडिलांची सही होती, महिपती या नावाची, शाळेत घोटलेल्या जाड अक्षरांत. ती मिळवायला मला एक वर्ष लागलं होतं. म्हणजे मागायला. हे मेकॅनिकलचं मी काही आकाशातून आणलेलं नव्हतं. दहावीनंतर चित्रकलेच्या बाई म्हणाल्या, आर्टला जा. आबा म्हणाले, "चित्राला जा न्हाईतर मशिनीला जा, पर दोन्हीच्या मदी ऱ्हा." दोन्हीच्या मध्ये काय असतं ते मी शोधलं तेव्हा मेकॅनिकल दिसलं, त्यातही यंत्राचे अवयव कसे हलतात त्याचा एक विषय दिसला, आणि त्यात माझं अंडं होतं. छापील, आकृतीसह, त्याला वेगळं नाव असलेलं. थांब्यालासुद्धा नाव होतं. मी गोठ्यात घासून काढलेल्या गोष्टीचं पुस्तकात आख्खं प्रकरण आहे हे बघून मला रडू आलं होतं. त्या दिवशी माझं ठरलं.

पप्पांचं वेगळं ठरलं होतं. ते नवलाख उंबऱ्याच्या एमआयडीसीत एका कंपनीत कंत्राटावर आहेत, बावीस वर्षं, प्रेस मशीनवर, उभ्यानं. त्यांचं सगळं तत्त्वज्ञान एका खुर्चीभोवती होतं. त्यांच्या शॉपमध्ये काचेची केबिन आहे आणि तिच्यात एक पोरगा खुर्चीवर बसून पडद्यावर सगळी मशिनं बघतो. मशीन बंद पडलं की तो आधी पडद्यावर बघतो आणि मग मेकॅनिकल झालेला इंजिनिअर पाना घेऊन आडवा होतो. "त्यो बसल्याला असतोय," पप्पा सांगायचे, जेवताना, टीव्ही बघताना, कधीही. "आन हा बी इंजिनेरच, पर ह्याच्या अंगावर ऑइल. मला तुला बसल्याली बघायची." ऑप्शन फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा ते माझ्या शेजारी येऊन बसले आणि एवढंच म्हणाले, "येक नंबरला कॉम्प्युटर टाक. माझ्या शब्दाला. मिळंल न मिळंल ते बघू." आता आमच्या बॅचमध्ये हे सगळ्यांनीच केलं होतं. पहिला नंबर घरच्यांचा, दुसरा आपला. या कॉलेजचं कॉम्प्युटर आदल्या वर्षी शहाण्णव पर्सेंटाइलला बंद झालं होतं, मला होते एक्याण्णव. ते मिळणं शक्यच नव्हतं. मग बापाचं मन का मोडायचं? मी पहिल्या ओळीत कॉम्प्युटर टाकलं, दुसऱ्या ओळीत मेकॅनिकल, आणि दुसरी ओळ आपली आहे म्हणून निवांत झोपले. त्या वर्षी कॉलेजांनी कॉम्प्युटरच्या जागा वाढवून तिप्पट केल्या. साठाच्या एकशे ऐंशी. यादी घसरत घसरत माझ्यापर्यंत आली. आणि नियम असा की पहिला पसंतीक्रम मिळाला की जागा आपोआप गोठते, पुढच्या फेरीत जाता येत नाही. फोनवर हिरव्या अक्षरांत अभिनंदन आलं. मी ते चार वेळा वाचलं. पप्पांनी वाचलं नाही, माझ्या तोंडाकडे बघून विचारलं, "लागला का नंबर?" मी म्हटलं, लागला. ते उठले, पायात चपला न घालता बाहेर गेले आणि अंगणात उगाच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्या शिफ्टला पेढे वाटले आणि येताना टेम्पोतून एक खुर्ची आणली. फिरती, चाकांची, जुन्या ऑफिस-फर्निचरच्या दुकानातली, पाठीला जाळी असलेली. आमच्या घराला शहाबादी फरशी आहे आणि ती एका बाजूला उतरती आहे, त्यामुळे खुर्ची आपोआप दाराकडे चालत यायची. आई तिला चाकाखाली लाटणं लावून ठेवायची. मी तिच्यावर बसून वर्षभर अभ्यास केला. पप्पा तिच्यावर कधी बसले नाहीत. कामावरून आले की भिंतीला टेकून खाली बसायचे आणि माझ्याकडे बघायचे, डोळे मिटेपर्यंत. मला त्या बघण्याचा फार राग यायचा आणि राग आल्याची लाज वाटायची. कॉम्प्युटर वाईट नाही. वर्गातली कितीतरी मुलं त्यात रमली आहेत. मला त्यातलं काही हलताना दिसत नाही, एवढंच. पहिल्या वर्षी सगळ्या शाखांना वर्कशॉप असतं, आठवड्यातून दोन तास. लोखंडाच्या दोन चौकोनी तुकड्यांना घासून एकमेकांत बसवायचं. बाकीचे पैसे देऊन बाहेरून करून आणत होते. मी घासत बसायची. माझे तुकडे सरांनी उजेडापुढे धरले तर मधून रेघही दिसली नाही, आणि सर म्हणाले, "कॉम्प्युटरची ना तू? मग कशाला एवढं?" त्यांनीच सांगितलं की पहिल्या वर्षाचे मार्क चांगले असतील तर शाखा बदलता येते. मी शाखेत सहावी आले. मेकॅनिकलला जाण्यासाठी कॉम्प्युटरमध्ये सहावी.

अर्जावर पालकांची सही लागते हे कळल्यावर मी तीन आठवडे फोल्डर बॅगेत घेऊन हिंडले. परवा शनिवारी शेवटी कंपनीच्या गेटवर गेले, तीनच्या शिफ्टला. घरी मागायची माझी हिंमत नव्हती, घरात ती खुर्ची होती. पप्पा बाहेर आले, मला बघून घाबरले. "आईला काय झालं का?" "नाही. सही पाहिजे." त्यांनी अर्ज धरला आणि गेटच्या भिंतीला खांदा लावून वाचला. त्यांना वाचायला वेळ लागतो. बाकीची माणसं आमच्या बाजूनं बसकडे पळत होती. "म्हंजी ह्येच्यात खुर्ची न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "नाही." "उभं ऱ्हावं लागंल." "हो." बस निघून गेली. मला वाटलं आता कागद परत देतील, आणि त्या क्षणी मला तेही चाललं असतं. सुटले असते मी. त्यांनी वॉचमनकडून पेन घेतलं, कुणाच्या तरी मोटारसायकलच्या सीटवर अर्ज ठेवला आणि सावकाश सही केली. मग पेनचं टोपण लावत, माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुझ्या त्या दळनाऱ्या बाईला बघाया मी त्या साली तीनदा आलतो. येकटाच. तुला सांगितलं न्हाई." "का?" "काय सांगायचं त्यात? ती थांबायची न्हवं का, तवा मला बी वाटायचं, आपन जरा बसावं." पुढची बस यायला अर्धा तास होता. आम्ही दोघं तिथे उभे राहिलो. मला आयुष्यात कुणी एवढं मोठं काही दिलेलं नाही.

कार्यालयात सुहाससर नावाचे एक क्लार्क आहेत, सज्जन माणूस. विद्यार्थ्यावर ओरडत नाहीत, हीच आमच्याकडे सज्जनपणाची खूण. त्यांनी अर्ज घेतला, वाचला आणि चष्मा वर केला. "बस," म्हणाले. या कार्यालयात विद्यार्थ्याला कुणी बसायला सांगत नाही. मी म्हटलं, ठीक आहे सर, उभी आहे. "अगं बस ना." त्यांनी स्वतः खुर्ची पुढे ओढली. मी बसले आणि बसतानाच मला कळलं. ते पुढे जे बोलले ते मी ऐकलं, सगळं ऐकलं. यंदा मेकॅनिकलला पहिल्या वर्षी चारच प्रवेश आले. व्यवस्थापनानं शाखा बंद करायचा प्रस्ताव पाठवला होता, तो गेल्या आठवड्यात मंजूर झाला. दुसऱ्या वर्षाच्या अकरा मुलांना दुसऱ्या कॉलेजात वर्ग केलं. नोटीस बारा तारखेला लागली, वेबसाइटवरही आहे. "मग अर्ज कशाला मागवले सर?" "ते सर्व शाखांना असतात. मेकॅनिकलचा अर्ज येईल असं कुणाला वाटलंच नाही." हे ते टोमणा म्हणून बोलले नाहीत, खरंच तसंच होतं. "मग मी दुसऱ्या कॉलेजात?" "बदलीची मुदत शुक्रवारी संपली." त्यांनी मला पाणी दिलं. "एक सांगू का? लोक या जागेसाठी रडतात. तुझ्या जागेसाठी इथे येऊन बाप रडलेत." अर्ज त्यांनी परत दिला. ठेवून घेतला असता तर बरं झालं असतं.

बाहेर आल्यावर मी वर्कशॉपकडे गेले. का गेले ते माहीत नाही. दार उघडं होतं, आतली लेथ मशिनं निघून गेली होती. जमिनीवर त्यांचे चौकोनी डाग होते, बोल्ट उपसलेली भोकं होती. भिंतीला नवा पांढरा रंग देत होते आणि छतातून निळ्या वायरींचे झुपके लोंबत होते. रंगारी म्हणाला, "ओ ताई, ओलं हाय, हात नका लावू. हितं कॉम्प्युटरची लॅब होनार." पुढच्या सहामाहीत मी इथेच बसणार होते. फरशीवरच्या कुठल्या डागावर, तेवढं फक्त ठरायचं होतं. मी शुक्रवार आठवायला लागले. गेल्या शुक्रवारी फोल्डर माझ्या बॅगेत होता, आणि मी वडापाव खात एका मैत्रिणीला सांगत होते की पप्पांना कसं विचारू. तीन आठवडे. एका माणसाचं मन मोडू नये म्हणून मी वर्षापूर्वी एक ओळ वर लिहिली, आणि त्याच माणसाचं मन मोडू नये म्हणून तीन आठवडे गप्प बसले, आणि त्या माणसानं विचारल्याबरोबर सही दिली. मी त्या दिवशी फॉर्म भरतानाच म्हटलं असतं, पप्पा, मला ते नको, तर? कदाचित तेव्हाही ते अंगणात जाऊन उभे राहिले असते आणि परत आले असते. मी त्यांना ओळखतच नव्हते. हे फार उशिरा कळलं, आणि कळून आता काही उपयोग नव्हता.

चढ उतरून बाजारात पायीच आले. चार वाजले होते. धुकं खाली आलं होतं आणि दुकानांचे दिवे लागले होते. बाईच्या थांबलेल्या हातात आता उलथन्याऐवजी एक पाटी होती: दोन किलोवर पाव किलो फ्री. प्रदीपशेठ खूश होते. "बरं झालं तू सकाळी हात लावला नाहीस. आता बघ, पाटी कशी फक्कड अडकलीय. हलणाऱ्या हाताला अडकवता आली असती का?" मी म्हटलं, नाही. "चहा पिणार?" "नको." "अगं, पिऊन जा, म्हटलं होतं ना." चहा आला. मी दाराशी, बाईच्या शेजारी उभी राहून तो प्यायले. मागची फळी दोन स्क्रूंवर आहे, मला माहीत आहे. आत अंडं फुगून दांडीला दाटलं असेल, चिमूटभर लाकूड घासलं की सुटेल. पण हात हलायला लागला की पाटी पडेल. मी तिच्या तोंडाकडे बघितलं. मीच रंगवलेले डोळे, एक जरा वर, एक जरा खाली. तेव्हाही वाकडे झाले होते.

फोन वाजला. पप्पा. दुसऱ्या शिफ्टला जायच्या ऐवजी आज त्यांनी सुट्टी टाकली होती, हे मला तेव्हा कळलं. बावीस वर्षांत त्यांनी असली सुट्टी घेतलेली नाही. मागे ठोकाठोकी चालू होती. "राजे," ते ओरडून बोलत होते, फोनवर ते नेहमी ओरडतात, "ती खुर्ची गं, ती दिली शकुबाईच्या अमृताला. तिची धाव्वी हाय यंदा. आन तुज्या त्या कोपऱ्यात बाकडं ठोकतुय. सखारामआबा आल्यात. त्ये तेंचा वाईस देत्यात तुला, घासताना तुकडा धरायचा, डेपोतला, लोखंडी, लय जड हाय, दोघांनी उचलून आनला. उभं ऱ्हाऊन हात कुटवर येतो तुजा? कमरंच्या वर का खाली? आबा इचारत्यात, बाकडं तेवढ्या उंचीचं करायचं." मागून आबांचा आवाज आला, काहीतरी हसत बोलले. मी हात बाजूला सोडून कोपरातून वाकवला आणि बघितलं. "कमरेच्या वर," मी म्हटलं, "चार बोटं." "चार बोटं," त्यांनी तिकडे सांगितलं. करवत सुरू झाली आणि बंद झाली. मग ते जरा हळू आवाजात म्हणाले, "कागूद दिला का? झालं न्हवं काम?"

दुकानासमोर एक गाडी थांबली, पोरं उतरली, एकानं बाईच्या खांद्यावर हात टाकून फोटो काढून घेतला. फोनमध्ये पप्पांचा श्वास ऐकू येत होता. ते वाट बघत होते. मी मोजलं. एक, दोन.

"हो पप्पा," मी म्हणाले. "झालं."

"झालं वो आबा!" ते तिकडे ओरडले, आणि पुन्हा हातोडीचा आवाज सुरू झाला.